तिसऱ्या पाळीनंतरचा वर्ग



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्या सरांचा मी विद्यार्थी. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड मी त्यांच्या हाताखाली शिकलो. सकाळी लेथ सुरू करण्याआधी सर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, ‘रात्री झोपलास का रे?’ ज्याचे उत्तर ‘नाही’ असे येई, त्याला ते त्या दिवशी चालत्या चकजवळ फिरकू देत नसत. त्याला फाइल घासायला बसवत, नाहीतर ड्रॉइंग काढायला. आम्ही गंगापूर, वैजापूर, कन्नडकडची पोरं, पहाटेची एसटी धरून यायचो. शेताला वीज रात्री मिळायची, म्हणून कुणी रात्रभर दारं धरून, उसाला पाणी देऊन आलेला असायचा. सरांना ते ठाऊक होते. आम्हाला मात्र वाटायचे, सर उगाच अडवतात.

पुढे तीस वर्षे मी वाळूजच्या कारखान्यांत काढली. आधी मशीनवर, मग लाइनवर, आणि शेवटची बरीच वर्षे प्रशिक्षण विभागात. कामगारांच्या मनावरच्या ताणाबद्दल वर्ग घेणे हे माझे रोजचे कामच होते. सरांचा तो पहिला प्रश्न मात्र मी त्या वर्गांत विचारला नाही. आज मला त्याबद्दल बोलायचे आहे.

एक सकाळ सांगतो. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. त्या वर्षी वरून आदेश आला की प्रत्येक कामगाराचे ‘ताण व्यवस्थापना’चे दोन तासांचे प्रशिक्षण मार्चअखेर पूर्ण झाले पाहिजे. पहिल्या पाळीतून माणसे सोडायला प्रॉडक्शनवाले तयार नव्हते, दुसऱ्या पाळीचेही तेच. मग तोडगा मीच काढला. तिसरी पाळी सुटली की सात ते नऊ वर्ग घ्यायचा. आधी पोहे आणि चहा, मग हजेरीपटावर सही. रात्रभर प्रेसवर उभी राहिलेली चाळीस माणसे माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. तिसऱ्या रांगेतला एक कामगार बसल्याजागी झोपला. तेव्हा मी झोपेचे महत्त्व सांगत होतो. मी त्याला चारचौघांत उठवले. ‘सॉरी सर’ म्हणाला, आणि पुन्हा झोप लागू नये म्हणून उरलेला तासभर भिंतीला टेकून उभा राहिला.

नऊनंतर तो मला सायकल स्टँडवर भेटला. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरी तो एकटा, आणि त्या सकाळी आठव्या दिवशी नळाला पाणी येणार होते. तो वर्गात बसला होता तेव्हाच ते येऊन गेले होते. तक्रारीचा सूर त्याच्या बोलण्यात नव्हता. त्याने एवढेच विचारले, ‘पुढच्या वेळी पाण्याचा दिवस सोडून वर्ग ठेवता येईल का?’

त्या वर्षी माझी हजेरी शंभर टक्के भरली आणि कौतुकही झाले. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

मंडळी, ताण हा शब्द आपल्याकडे मागावरचा आहे. उभे सूत तो ताणा, आडवे सूत तो बाणा. आपल्या जिल्ह्यात पैठणीचे पैठण आहे, या शहरात हिमरूचे माग आहेत. हिमरूत सुती ताण्यावर रेशमी बाणा चालतो. दोन वेगळ्या जातीचे धागे एका वस्त्रात नांदवायचे, म्हणून ताणा लावणाऱ्याची बोटे जाणती लागतात. सूत ढिले राहिले तर वीण झोळ खाते, फार ओढले तर तुटते. तुटले की विणकर माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुढे जाण्याआधी ताण पुन्हा चाचपून बघतो. नवशिक्याला आधी हेच शिकावे लागते. जास्त ओढ सोसायला सुताला कुणी शिकवू बघत नाही.

कारखान्यांत मात्र गेली वीसेक वर्षे आम्ही सुतालाच शिकवत आलो. श्वास असा घ्या, विचार सकारात्मक ठेवा, रागावर ताबा मिळवा. योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः रोज करतो आणि त्याने माझी पाठ सुधारली. पण ज्या लाइनवर तासाला किती नग पडायचे हे वरून ठरते, लघवीला जायचे तर जागेवर उभा करायला रिलिव्हर मिळत नाही आणि पाळी कोणत्या आठवड्यात कोणती हे शनिवारी संध्याकाळी नोटीस बोर्डावर कळते, तिथे प्राणायाम काय पालटणार? ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी त्यांनी तपासले. मनःशांतीचे वर्ग, खंबीरपणाचे प्रशिक्षण, मोबाइलवरची आरोग्य अ‍ॅप्स, यांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचे त्यांना दिसले नाही. थोडा अपवाद होता तो स्वयंसेवेच्या कामाचा. मी हे वाचले तेव्हा निवृत्त झालो होतो. आपल्या सगळ्या हजेरीपटांची मला आठवण झाली.

मग ताण येतो कुठून? लंडनमध्ये व्हाइटहॉल नावाचा सरकारी कचेऱ्यांचा भाग आहे. तिथल्या नोकरदारांच्या प्रकृतीची पाहणी १९६७ साली सुरू झाली. मायकेल मार्मट यांचे नाव तिच्याशी जोडले गेले आहे. सगळ्यांचा समज असा की हृदयविकार हा साहेबांचा आजार, कारण जबाबदारी त्यांच्यावर. निघाले उलटे. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. १९८५ पासून दुसरी पाहणी सुरू झाली, तीत आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाची सूत्रे नव्हती, त्यांच्या हृदयाला धोका अधिक होता. अमेरिकेत रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: कामाचा बोजा मोठा आणि त्यावर आपला अधिकार शून्य, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पिळते.

आपल्या लाइनवरच्या माणसाला यासाठी अभ्यास वाचावा लागत नाही. शेतात तो यापेक्षा जड काम करून आलेला असतो. पण औत कुठल्या झाडाखाली सोडायचे आणि भाकरी कधी खायची हे त्याचे तो ठरवत होता.

आता पाळीबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या तिन्ही औद्योगिक वसाहतींत लोकांना छळणारी मुख्य गोष्ट तीच आहे, आणि ती सुधारायला फार पैसा लागत नाही.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागे सुटे भाग करणारे शेकडो लहान-मोठे शेड उभे राहिले. रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, छोटे पंढरपूर या गावांत पत्र्याच्या आणि स्लॅबच्या खोल्या वाढत गेल्या. बीड, जालना, परभणीची पोरं एका खोलीत चार-चार जण राहू लागली. मी अशा खोल्यांत गेलो आहे. एक जण पहिल्या पाळीचा, एक दुसऱ्या, दोघे तिसऱ्या. गाद्या दोनच, त्या पाळीपाळीने वापरायच्या. मे महिन्यात सकाळी दहाला पत्रा तापतो, शेजारी टीव्ही चालू असतो, गल्लीत भाजीवाला ओरडत असतो. रात्रभर जागलेल्या पोराला सलग चार तास झोप मिळाली तर तो नशीबवान.

पहाटे तीन-चारच्या सुमाराला माणसाच्या शरीराचे तापमान सर्वांत खाली उतरते, नजर मंदावते, हाताचा अंदाज चुकतो. ही इच्छाशक्तीची उणीव समजू नका, शरीराचे घड्याळच तसे आहे. त्यात आठवड्याला पाळी बदलायची आणि तीही उलटी, म्हणजे पहिलीनंतर तिसरी, मग दुसरी, हे घड्याळाचे काटे मागे ओढण्यासारखे आहे. अमेरिकेत यूटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकजवळ खनिजांचा एक कारखाना होता. तिथे पाळ्या अशाच दर आठवड्याला उलट्या फिरत. चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सुलट्या केल्या, पहिलीनंतर दुसरी, मग तिसरी, आणि काही गटांत पाळी आठवड्याऐवजी एकवीस दिवसांनी बदलली. सोबत कामगारांना झोप कशी चालते याची माहितीही दिली. १९८२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. कामगारांचे समाधान वाढले, प्रकृती सुधारली, उत्पादन वाढले आणि नोकरी सोडून जाणारे कमी झाले. या प्रयोगातही प्रशिक्षण होतेच, पण सोबत वेळापत्रकही बदलले होते. त्यामुळे शिकलेले वापरायला माणसाला जागा मिळाली.

असे परदेशातच होते असे नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या आजारपणातून धडा घेऊन आठ तासांच्या ड्युटीचा तक्ता कागदावर मांडला. बारा-बारा तासांची ड्युटी अटळ आहे, माणसेच नाहीत, असे सगळे धरून चालले होते. त्याने हिशेब करून दाखवला की आहे त्या माणसांतही ते बसते. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो कागद बाजूला सारला नाही. मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला आणि पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांत गेला. हे उदाहरण मी वारंवार देतो. ज्याच्या अंगावर ताण येतो त्यालाच तो कुठे सैल करता येईल हे सर्वांत आधी दिसते. त्याला विचारायचे मात्र आपल्याकडे राहून जाते.

मग प्रशिक्षण कुणाला द्यायचे? माझे मत स्पष्ट आहे. आधी सुपरवायझरला, लाइन लीडरला, आणि जो नियोजन विभागात बसून महिन्याचा आकडा तासावर उतरवतो त्याला. आमच्याकडे चांगला ऑपरेटर दिसला की त्याला सुपरवायझर करतात. काल जो मशीनशी बोलत होता त्याला आज बावीस माणसांशी बोलायचे असते आणि ते त्याला कुणी शिकवलेले नसते. इंडो-जर्मन टूल रूममध्ये मायक्रॉनचे माप शिकलेली हुशार पोरं मी पाहिली आहेत. समोरचा माणूस घाबरला आहे की रागावला आहे, हे ओळखायचे मात्र त्यांना कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवले नव्हते. वरून दबाव आला की तो जसाच्या तसा खाली जातो, बरोबर दोन शिव्या घेऊन.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात अधिकाऱ्यांना केवळ चार तासांचे प्रशिक्षण दिले गेले. हाताखालचा माणूस मनाने खचतो आहे हे कसे ओळखावे, त्याच्याशी कसे बोलावे, आजारपणाच्या रजेवर असताना त्याची चौकशी कशी करावी, एवढेच त्यात होते. त्यांच्या हाताखालच्या जवानांची कामामुळे होणाऱ्या आजारपणाची रजा घटली, आणि खर्चाच्या कित्येक पट पैसे वाचले. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची आणि कामाची रचना बदलण्याची शिफारस आहे.

आपल्या सुपरवायझरला आणखी एक गोष्ट शिकावी लागेल, ती म्हणजे आपली भाषा. ‘मला नैराश्य आले आहे’ असे वाळूजमध्ये कुणी म्हणत नाही. कामगार म्हणतो, पित्त वाढलंय. डोकं जड पडलंय. छातीत धडधडतंय. पाठ धरलीय. बाई असेल तर म्हणते, जेवणच जात नाही. कंपनीच्या दवाखान्यात त्याला पित्ताची गोळी मिळते आणि तो जागेवर परत जातो. एकाच लाइनवरून महिन्यात दहा माणसे पित्ताच्या गोळीला आली, तर त्या लाइनवर काय चालले आहे हे बघायला हवे. दवाखान्याची वही आणि उत्पादनाची वही एका टेबलावर ठेवून कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. नव्या कामगार संहितेत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे, तिचे मी स्वागत करतो. रक्तदाब आणि साखर तपासताना तिथल्या डॉक्टरांनी एवढेही विचारावे, की झोप किती तास होते.

ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे त्याला घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. त्यावर फोन केला तर पैसे पडत नाहीत, नाव सांगावे लागत नाही आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक कँटीनमध्ये, हात धुण्याच्या जागी लावा. एचआरच्या दाराजवळ लावू नका, तिथे उभे राहून तो लिहून घ्यायचे धाडस कुणाला होत नाही.

इथे थोडे मागे जायला हवे. विश्रांती ही आपल्याला कुणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक, स्वतः गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेले. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आठवा: आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई. त्या काळी ताण हा शब्द या अर्थाने कुणी वापरत नव्हते, पण त्यावरचा इलाज त्या निवेदनात पूर्ण लिहिलेला होता. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मधली सहा वर्षे सभा, सह्या आणि पाठपुरावा चालू होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या मोठ्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या होत्या.

दुसरे नाव या शहराला सांगायला नको. १९५० मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय सुरू करणारे बाबासाहेब त्याआधी १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांच्या खात्याच्या कामातून. १९४८ च्या कारखाना कायद्यात तेच ४८ तास आले. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर कँटीन, पाचशे असतील तर कल्याण अधिकारी, तीसपेक्षा जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर, हेही त्यातच होते. आजच्या ‘वेलनेस’च्या पुस्तिकेपेक्षा त्या कायद्याची कलमे मला जास्त उपयोगाची वाटतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, कामगाराची लेखी संमती हवी, आणि तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांवर गेला आहे. चार दिवस काम आणि तीन दिवस गावी, हे कुणा कन्नडच्या पोराला आवडेलही. पण संमतीच्या कागदावर सही मागणारा आणि पुढच्या महिन्यात कंत्राट वाढवायचे की नाही हे ठरवणारा एकच असेल, तर ती सही कितपत मोकळी असते, हे या सभागृहातल्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला अंदाज सांगतो: आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. ओव्हरटाइमला पर्याय नसतो हे मला मान्य आहे, माझ्या मुलीचे शिक्षण ओटीवरच झाले. त्या आकड्यांत मीही बसतो, एवढेच सांगतो.

आणि ‘ट्रेनी’ या शब्दाबद्दलही बोलायला हवे. आमच्या औद्योगिक वसाहतींत कित्येक पोरं वर्षानुवर्षे ट्रेनी म्हणून राबली. शिकणे तीन आठवड्यांत संपले, पद तेवढे राहिले. प्रशिक्षण या चांगल्या शब्दाचे हे जे झाले, त्याचे मला फार वाईट वाटते. ज्याला उद्याची खात्री नाही, त्याला शांत मनाचे धडे देऊ नयेत. आधी त्याला सांगावे की इथे तुझे किती महिने आहेत, त्यात तू काय शिकशील आणि ते शिकल्यावर तुला काय मिळेल. हे स्पष्ट बोलणेच त्याची अर्धी रात्र शांत करते.

लहान उद्योजक मंडळी आज समोर बसली आहेत. ‘मसिआ’ आणि सीएमआयए या उद्योजक संघटनांचे सभासद आहेत. तुमचाही ताण मी जवळून पाहिला आहे. माल गेला, बिल अडकले. २००६ च्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत, ते मिळत नाहीत, आणि सात तारखेला पगार करायचा असतो. पंचवीस माणसांच्या शेडला कल्याण अधिकारी परवडणार नाही हे खरे. पण एका प्लॉटवरच्या, एका गल्लीतल्या दहा शेडनी मिळून आठवड्यातून एक दिवस एक समुपदेशक बोलवायला काय हरकत आहे? टूलिंगसाठी तुम्ही ऑटो क्लस्टर उभारले, एकमेकांची यंत्रे वापरलीत. तोच मार्ग माणसांसाठी धरा. पगारपत्रकावर जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची कपात दिसते. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या त्या मंडळाची कल्याण केंद्रे आपल्या शहरात आहेत, कामगार नाट्यस्पर्धा आहे. माझ्या लाइनवरचा एक वेल्डर त्या स्पर्धेत दर वर्षी उतरायचा. तालमीच्या दोन महिन्यांत तो सर्वांत थकलेला असायचा आणि त्याच दोन महिन्यांत तो सर्वांत खुशीत असायचा. त्याची पाळी त्या काळात पहिलीच ठेवायची, एवढे आम्ही केले. माझ्या हातून झालेल्या बऱ्या कामांत मी ते धरतो.

थकलेल्या शरीराला झोप कुठे गाठते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या गावांकडे ते पायी निघाले होते, आणि चालून चालून रुळांवरच झोपले होते. ३१ डिसेंबर २०२३ ला पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. जे सहा जण गेले ते तिथेच झोपलेले कामगार होते. मी या दोन घटना एका दमात घेतो, कारण दोन्हींत माणसाला निवांत झोपायला सुरक्षित जागा नव्हती. कामगार कल्याणाचा विचार तिथून सुरू व्हावा असे मला वाटते.

आणि पाणी. जायकवाडी पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, तरी या शहराला किती दिवसांआड पाणी येते हे मी तुम्हाला काय सांगू! पाण्याचा दिवस चुकला तर आठवडाभर घरात धुसफूस असते, टँकरला पैसे जातात. कंपनीच्या दृष्टीने हा कंपनीबाहेरचा प्रश्न. पण माणूस गेटमधून आत येताना घर बाहेर ठेवून येत नाही. निवृत्तीच्या आधीच्या दोन वर्षांत मी एक छोटे काम केले. लाइनवरच्या प्रत्येकाला विचारून, कोणत्या भागात कोणत्या वारी पाणी येते याची यादी केली आणि ती शिफ्ट इनचार्जच्या टेबलावर काचेखाली ठेवली. ओव्हरटाइमला थांबवताना त्याने यादीकडे बघायचे, बस. खर्च शून्य. गैरहजेरीत किती फरक पडला याचा हिशेब मी ठेवला नाही. पण पाण्याच्या दिवशी खोटे आजारी पडणे कमी झाले, हे इनचार्जनेच मला सांगितले. यादी करायच्या आधी मी त्या जुन्या कामगाराला शोधले, भिंतीला टेकून उभा राहिलेल्या. तो तोपर्यंत लाइन लीडर झाला होता. यादीतले पहिले नाव त्याचे आहे, मुकुंदवाडी. माफी मागितली तेव्हा त्याला ती सकाळ आठवतही नव्हती. अशा सकाळी त्याच्या आयुष्यात पुष्कळ होत्या.

बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. लाइनवर काम करणाऱ्यांनी जाताना तीत एकच गोष्ट लिहावी: पाळीतला कोणता तास सर्वांत जड जातो, आणि का. नाव लिहू नका, कंपनी लिहू नका. ती वही मी दोन्ही उद्योजक संघटनांच्या कार्यालयांत स्वतः नेऊन देणार आहे.

साडेनऊ वाजत आले. मागच्या रांगेतले काही जण घड्याळाकडे बघताहेत, त्यांची तिसरी पाळी आहे आणि क्रांती चौकातून त्यांची बस सुटेल. त्यांनी निघावे. प्रश्नोत्तरे आपण त्यांच्यासाठी रविवारी सकाळी घेऊ.